वीस मिनिटं उकळा

माझा आवाज मोठा आहे, हे माझं दुर्दैव. शाळेत मला मागच्या बाकावर बसवायचे, कारण मी पुढे बसले की बाईंचं कोणाला ऐकू जायचं नाही. पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढली, तिथेही फोनवर बोलायचं काम माझंच, कारण मोटारींच्या घरघरीतून दुसऱ्या कोणाचा आवाज पलीकडे पोचत नसे. म्हणूनच पूर आल्यावर साहेब म्हणाले, "गाडीवर वाजवायची सूचना तुमच्याच आवाजात भरून घेऊ. तुमचं लोक ऐकतात." लोकांनी ऐकलं. माझ्या सुनेनं तर सगळ्यांत जास्त ऐकलं.

मी पाणी तपासते. गावाच्या वरच्या अंगाला ओढा आहे, त्याचं पाणी आमच्या केंद्रात येतं. तिथे तुरटी घालून गाळ खाली बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि गावाला सोडायचं. माझी खोली म्हणजे एक लांब ओटा, एक सिंक, काचेच्या नळ्यांची चार स्टँडं आणि एक फ्रीज. त्या फ्रीजमध्ये नमुन्यांशेजारी जेवणाचा डबा ठेवायला सक्त मनाई आहे, अशी पाटी मीच लावलीय आणि डबा मी तिथेच ठेवते. सगळे मला नळीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, मागून काय म्हणतात ते मी विचारत नाही.

पुराआधी दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. ओढा आधी बारीक झाला, मग हिरवा झाला, मग त्याला वास सुटला. लोकांना वाटतं पाणी कमी झालं म्हणजे घाणही कमी झाली. डोंबल! वरच्या वस्तीची गटारं तेवढीच वाहतात, फक्त त्यांना पातळ करणारं पाणी उरत नाही. शेवटच्या उन्हाळ्यात आम्ही ओढा म्हणून जे उपसत होतो, ते निम्मं लोकांच्या मोऱ्यांमधून आलेलं होतं. कडेला मासे उलटे होऊन पडलेले असत. क्लोरीन कितीही ओता, ते पाणी पिऊन टाकायचं आणि वर अजून मागायचं. एक गोष्ट मात्र त्या पाण्यात नव्हती. नायट्रेट. दर महिन्याच्या एक तारखेला मी तपासायची आणि जवळजवळ शून्य यायचं, कारण ओढ्यातलं शेवाळच ते खाऊन टाकत होतं. फॉर्मवर मी "नगण्य" लिहायची आणि पुढच्या रकान्याकडे वळायची.

त्याच पाण्यानं माझ्या सुनेला धरलं. बाळंतपणाला आठ दिवस झाले आणि तिला असे जुलाब लागले की पोर अर्धी झाली. सलाइनवर ठेवली, वाचली, पण दूध आटलं ते आटलंच. मुलगा माझा जहाजावर, चार महिने समुद्रात. घरात आम्ही दोघी आणि ती एवढीशी. नाव ठेवलं नव्हतं अजून. मी तिला ठकी म्हणायची, सूनबाई म्हणायची, "आई, ठकी काय? म्हातारीचं नाव आहे ते." मी म्हणायची, "होईल की म्हातारी, घाई काय आहे?"

तर ठकीला बाटली. डब्यातली पावडर, उकळून गार केलेलं पाणी, मोजून चमचे. सूनबाई पडली शाळेत गणित शिकवणारी. तिनं फ्रीजवर कागद चिकटवला होता, त्यावर वेळ, किती पाणी, किती चमचे, किती प्यायली. मी तिची टिंगल करायची. तशी ती मनाला लावून घेत नाही, पण त्यावर हसायचीही नाही.

ठकी पाच आठवड्यांची झाली आणि एका दिवसात दोन वर्षांचं पाणी आलं.

सकाळी मी केंद्रावर पोचले तेव्हा फिल्टरवाले काका गुडघाभर चिखलात उभे राहून जाळीत अडकलेलं झाडाचं खोड ओढत होते. वाळूच्या टाक्या यांच्या ताब्यात, माझ्याहून जुना माणूस, बोलायला एकदम कंजूष. त्या दिवशी मात्र म्हणाले, "नळीबाई, हे पाणी नाही, ही जमीन आलीय." मी नळीत घेतलं. नळीच्या मागे बोट धरलं तर दिसेना. गढूळपणा मोजायच्या यंत्रानं आकडा दाखवायचंच सोडून दिलं. मेलेली कोंबडी, चपला, कोणाची तरी छत्री, शेतांतले पाइप, सगळं जाळीवर येऊन आपटत होतं. खालचा पूल दुपारपर्यंत पाण्याखाली गेला आणि गाव पलीकडच्या काठापासून तुटलं.

मग काय, तासातासाला नमुना. तुरटी किती, क्लोरीन किती, जंतू किती. पाच काचपात्रांत वेगवेगळी तुरटी घालून बघायची, कुठल्यात गाळ लवकर बसतो ते काकांना ओरडून सांगायचं. जेवायला फुरसत नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ओट्यावरच्या महिन्याच्या फॉर्मवर नजर गेली. एक तारीख होती. नायट्रेटची पेटी वरच्या फळीवर होती. पुडी फोडायची, नळी हलवायची, रंग बघायचा. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, गाव चिखल पितंय आणि मी नायट्रेट बघत बसू? ते काय कधी आलंय का? मागच्या महिन्याचा आकडा उचलला आणि या महिन्याच्या रकान्यात चढवला. खाली सही केली.

हे मी तीस वर्षांत दोनदा केलं असेल, तीनदा केलं असेल. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात साहेब आले. सूचनेचा कागद त्यांनी लिहून आणला होता. "ओढ्याला पूर आल्यामुळे नागरिकांनी पाणी उकळून प्यावे." बस, एवढंच. मी म्हटलं, "साहेब, असं गुळमुळीत सांगितलं तर लोक कोमट करून पितील. मी माझ्या पद्धतीनं सांगते." मग मी मोबाइलसमोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "पाणी वीस मिनिटं उकळा! कोमट नाही, खळाखळा उकळा! आणि घरात तान्हं बाळ असेल तर अजून पाच मिनिटं जास्त उकळा, कंटाळा करू नका!" साहेब खूश. गाडीवाला, त्याला सगळे भोंगा म्हणतात, तोही म्हणाला, "व्वा ताई, एवढा आवाज म्हणजे माझा स्पीकर फाटणार." दुसऱ्या दिवसापासून माझा आवाज गल्लीगल्लीतून फिरायला लागला.

घरी मी सुनेला वेगळं सांगायची गरजच नव्हती. तरी सांगितलं. "पंचवीस मिनिटं. घड्याळ लाव. उरलेलं ओतून देऊ नकोस, पाणी मिळत नाहीये, परत उकळून थर्मासमध्ये भर." ती बरं म्हणाली. कागदावर नवीन रकाना आला, उकळण्याचा.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, पातेल्याच्या बुडाला पांढरं बसतंय."

"क्षार असतात. उन्हाळ्यात नव्हते का बसत?"

"आणि पातेलं भरून ठेवते, तर शेवटी निम्मंच राहतं."

"वाफ होते बाई! तू काय, मला पाणी शिकवणार?"

चौथ्या दिवशी ती ठकीला घेऊन खिडकीशी उभी होती. "आई, जरा बघा हो. हिच्या ओठांभोवती निळसर दिसतंय का?"

मी चप्पल घालत होते. लांबूनच बघितलं. "गार हवा आहे. टोपी घाल, पाय झाक. आणि बाटली नीट गरम करून दे."  ती खिडकीपासून बाजूला झाली आणि टोपी शोधायला गेली.

पाचव्या दिवशी ओढा निवळला. काय सांगू, मला आणि काकांना किती आनंद झाला! यंत्राचा आकडा धपाधप खाली आला. काचपात्रात गाळ खाली बसला आणि वर आरपार पाणी. काकांनी एक पेला भरला, उजेडाकडे धरला आणि गटागट प्यायले. म्हणाले, "जिंकलो." मीही प्यायले. पाण्याला ना रंग, ना वास, जंतूंच्या बाटल्याही स्वच्छ. मी फॉर्मवर हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली.

तेव्हाच फोन वाजला. सूनबाई एवढंच म्हणाली, "आई, ती रडत नाहीये. सगळी निळी आहे. मी दवाखान्यात चाललेय."

तिथवर मी कशी पोचले ते मला सांगता येणार नाही. चिखलात एक चप्पल राहिली एवढं आठवतं.

दवाखाना छोटा, दोन मजली. वरच्या मजल्यावर मुलांची खोली, सहा खाटा, भिंतीवर कुणीतरी रंगवलेला हत्ती. ठकी मधल्या खाटेवर होती. तोंडावर प्लॅस्टिकचा मास्क, नाकापेक्षा मोठा. आणि रंग! निळाही नाही, राखाडी. नखं तर शाईत बुडवल्यासारखी. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या सुनेच्या वयाची. ती पुन्हा पुन्हा ऑक्सिजनची नळी बघत होती. "छाती साफ आहे," ती म्हणाली. "हृदयाचा आवाजही ठीक वाटतोय. ऑक्सिजन पूर्ण सोडलाय, तरी रंग फिरत नाही. मला कळत नाहीये." 

मग तिनं रक्त काढलं. सिरिंज उजेडात धरली आणि मी बघितलं. ते रक्त लाल नव्हतं, चॉकलेटी होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी मला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरचा तास. मी पेंगत होते. पडद्यावर एका तान्ह्या बाळाचा फोटो होता आणि शिकवणारा म्हणत होता, शेतातलं खत पाण्यात उतरलं तर मोठ्या माणसाला काही होत नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहायचं सोडतं, चॉकलेटी होतं, बाळ निळं पडतं. आणि अजून एक वाक्य तो बोलला होता. ते मला त्या खाटेशी उभं राहून आठवलं.

"डॉक्टर, नायट्रेट," मी म्हटलं. "बाटलीच्या पाण्यातून."

तिनं माझ्याकडे बघितलं. "पाणी उकळलं नव्हतं का?"

"उकळलं होतं."

"मग उकळल्यावर जातं ना ते?"

"जात नाही," मी म्हटलं. "जंतू मरतात. नायट्रेट तसंच राहतं. पाणी आटतं आणि ते..."  माझा एवढा आवाज, कुठे गेला कोण जाणे. "ते घट्ट होतं."

डॉक्टरीण हुशार. एका मिनिटात तिनं फोनवर वाचलं, नर्सला हाक मारली, कपाट उघडायला लावलं. यावर एक औषध असतं, शाईसारखं निळं, शिरेतून द्यायचं. कपाटात त्याचा रिकामा खोका होता. मोठ्या हॉस्पिटलात होतं, पलीकडच्या काठावर. मधे बुडालेला पूल. ती फोनवर ओरडून बोलत होती, बोट कधी सुटेल, कोण आणेल. मला म्हणाली, "तुम्ही ते पाणी तपासून आणा. मला आकडा हवाय."

माझ्या प्रयोगशाळेत तेच निळं रंगद्रव्य आहे, जंतू रंगवायला वापरतो. मी तेही बोलून टाकलं. ती म्हणाली, "काकू, काहीतरीच काय? ते माणसात टोचायचं नसतं." मला ते माहीत होतं. तरीही मी विचारलं.

सुनेच्या पिशवीतला थर्मास उचलला आणि केंद्राकडे धावले. साठीला आलेली बाई, एका पायात चप्पल.

वरच्या फळीवरची पेटी काढली. पहिल्या नळीत ओढ्याचं पाणी, दुसऱ्या नळीत थर्मासमधलं. पुड्या फोडल्या, हलवल्या, थांबले. पेटीत रंगांचा कागद असतो, फिक्या गुलाबीपासून गडद गुलाबीपर्यंत, शेजारी आकडे. पंचेचाळीसच्या वर गेलं की तान्ह्या बाळाला द्यायचं नाही. ओढ्याची नळी कागदाच्या शेवटच्या चौकटीला टेकली, शंभरच्या पुढे. थर्मासची नळी कागदावर मावेचना. तिच्यात दहापट शुद्ध पाणी मिसळून पुन्हा केली. हिशोब अडीचशेच्या वर गेला.

तिथे स्टुलावर बसले आणि मला सगळं कळलं. दोन वर्षं शेतांत पीक करपलं, खत मात्र टाकलेलं होतं. ते प्यायला रोपंच नव्हती. ते जमिनीत तसंच पडून राहिलं. पुराचं पाणी जमिनीत मुरलं, त्याला घेऊन पहिल्या दिवसापासून ओढ्यात झिरपत राहिलं आणि गढूळपणा उतरला तसं वाढतच गेलं. आम्ही स्वच्छ झालं म्हणून पेला भरून प्यायलो ना, तेच ते पाणी. आणि एक तारखेला, दोन तारखेला, कधीही त्या पेटीला हात लावला असता तर पहिल्याच नळीनं मला सांगितलं असतं. दहा मिनिटं. ती वाचवली मी. आणि माझ्या सुनेकडून रोज पंचवीस मिनिटं घट्ट करून घेतलं.

साहेबांच्या खोलीत गेले. दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या. "गाडी थांबवा. तान्ह्या बाळांना हे पाणी उकळून देऊ नका, अजिबात देऊ नका, असं सांगा."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांचे डोळे चार दिवस झोप नसल्यानं लाल झाले होते. म्हणाले, "आणि उकळू नका ऐकून मोठी माणसंही उकळायची थांबली तर? वाळूची एक टाकी अजून बंद आहे. जुलाबानं गाव आडवं होईल."

"मोठ्यांनी उकळूनच प्यावं. तान्ह्यांना नको. दोन वाक्यं आहेत साहेब!"

"गाडीवरून लोक एकच वाक्य ऐकतात. गुळमुळीत नको, हे तुम्हीच म्हणाला होतात." मग त्यांनी फाइल उघडली, कागद माझ्याकडे फिरवला. "आणि हे बघा. एक तारखेचा फॉर्म. नायट्रेट नगण्य. सही तुमची. आता मी वर काय कळवू? पाच दिवसांत शून्याचं शंभर झालं? ते म्हणतील दुसरा नमुना पाठवा, मोठ्या प्रयोगशाळेत तपासा. तोपर्यंत मला सूचना बदलता येत नाही."

"तो आकडा मी नुसता उतरवला होता," मी म्हटलं.

साहेबांनी फाइल मिटली. त्यांनी काही लिहिलं नाही, ओरडलेही नाहीत. "आधी दवाखान्यात जा," ते म्हणाले. "मी फोन लावतो वर."

मी परत आले. बोट सुटली होती, पोचली नव्हती. डॉक्टरणीला आकडा दिला, तिनं मान हलवली आणि पुन्हा फोनपाशी गेली. ठकीचा श्वास बारीक आणि घाईचा चालला होता, पोट वरखाली. सूनबाई स्टुलावर बसली होती. रडत नव्हती. फ्रीजवरचा कागद तिनं सोबत आणला होता, घडी करून, डॉक्टरला दाखवायला.

"आई," ती म्हणाली, "कमी पडलं का?"

"काय?"

"उकळणं. तुम्ही पंचवीस म्हणालात. मी कालपासून तीस करत होते, हिचे ओठ निळे दिसले तेव्हापासून. उरलेलं परत उकळायचे. तरी कमी पडलं असेल का? एकदा मधेच गॅस संपला होता. बावीस मिनिटंच झाली होती. तेव्हाचं असेल का?"

तिनं तो कागद माझ्यापुढे धरला. बावीसवर गोल केला होता.

मला सांगायचं होतं. देवाशपथ, तोंड उघडलं होतं मी. पण तिच्या हाताशी ते राखाडी बाळ होतं आणि माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. "तुझं काही चुकलं नाही," एवढंच म्हटलं. अर्धं सांगितलं की माणसाला वाटतं आपण खोटं बोललो नाही.

दीड तास गेला. त्या दीड तासात मी देवाला जे जे कबूल केलं, ते लिहायची लाज वाटते. एकदा ठकीचा श्वास थांबला. डॉक्टरणीनं तिच्या तळव्याला टिचकी मारली, पुन्हा मारली, तेव्हा तो सुरू झाला. सूनबाईनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतली होती आणि मला ते बरं वाटत होतं.

मग जिन्यात बूट वाजले. अंगावर लाइफ जॅकेट घातलेला एक माणूस, चिखलानं माखलेला, हातात बर्फाचा डबा. डॉक्टरणीनं बाटली फोडली, थेंबभर औषध मोजलं आणि हळूहळू, अगदी हळूहळू शिरेत सोडलं. गडद निळं. निळ्या पोरीला निळं औषध. मी आयुष्यात पहिल्यांदा नळीकडे न बघता माणसाकडे बघत होते.

आधी कान बदलले. मग ओठांची कड. मग नखं. अर्ध्या तासात ठकी गुलाबी झाली, डोळे उघडले आणि असं काही भोकाड पसरलं की शेजारच्या खाटेवरचा बाप हसला. नर्स म्हणाली, "आवाज आजीवर गेलाय." सूनबाई तेव्हा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काही क्षण मला वाटलं, संपलं. निभावलं.

डॉक्टरणीनं मला चार सीलबंद बाटल्या दिल्या. औषधं विरघळवायचं निर्जंतुक पाणी. "दवाखान्यात एवढंच उरलंय. बाळाचं उद्या रात्रीपर्यंतचं भागेल. सकाळी पलीकडून आणखी आलं तर बघू." दुकानांतल्या बाटल्या पहिल्याच दिवशी संपल्या होत्या. विहिरी दोन वर्षं कोरड्या होत्या आणि आता त्यांच्यात चिखल भरला होता. मी बाटल्या पिशवीत ठेवल्या, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे टॉवेल घातला.

आणि खिडकीखालून आवाज आला.

"पाणी वीस मिनिटं उकळा! कोमट नाही, खळाखळा उकळा! घरात तान्हं बाळ असेल तर..."

सूनबाईनं मान वर केली. "आई, तुमचा आवाज."

"हो."

मग मी सांगितलं. सगळं. नायट्रेट काय असतं, उकळल्यावर त्याचं काय होतं, एक तारखेचा फॉर्म, मागच्या महिन्याचा आकडा. "कमी नाही पडलं ग. जास्त झालं. तू माझं जितकं ऐकलंस, तितकं हिला लागलं." बाहेर माझा आवाज कोपऱ्यावर वळला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

तिनं ठकीला उचललं, माझ्यापासून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.  मला वाटलं आता ती ओरडेल आणि ओरडली असती तर मी पाय धरले असते. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मग तुम्ही अजून तेच का सांगताय?"

मी जिन्यावरून कशीबशी उतरले. पिशवी खांद्यालाच होती. रस्त्याच्या मधोमध जाऊन गाडीपुढे उभी राहिले. भोंग्यानं ब्रेक मारला. "ताई, मरायचंय का?"

"बंद कर ते."

"साहेबांचा हुकूम..."

"साहेबांना माझं नाव सांग. माइक दे."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बटण दाबलं. माझा आवाज मधेच तुटला. मी माइक हातात घेतला. गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना दुमजली घरं, खिडक्यांत कपडे वाळत होते.

"मी पाणी तपासणारी बाई बोलतेय," मी म्हटलं. "चार दिवस तुम्ही माझाच आवाज ऐकताय. मोठ्यांनी पाणी उकळूनच प्या. पण बाटलीवरच्या तान्ह्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका. उकळून तर मुळीच देऊ नका. मी चुकीचं सांगितलं. माझी नात आत्ता वर दवाखान्यात मरता मरता वाचली. बाळाचे ओठ, नखं निळी दिसत असतील तर टोपी घालत बसू नका, आत्ता, या मिनिटाला दवाखान्यात आणा."

दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना समोरच्या वरच्या खिडकीत एक बाई आली. तिच्या कडेवर बाळ, ठकीएवढंच असेल, आणि हातात भरलेली बाटली. तिनं ती बाटली उलटी केली. पांढरं दूध खालच्या पत्र्यावर सांडलं.

"मग काय पाजू, ताई?" ती ओरडली. "माझ्याकडे दुसरं काही नाही."

शेजारचं दार उघडलं. त्याच्या पलीकडचंही. एक म्हातारा दुपट्यात बाळ घेऊन पायरीवर आला, एक मुलगी धावतच आली, तिच्या हातातली बाटली अजून गरम होती. सगळ्यांचं तेच. काय पाजू? भोंगा माझ्याकडे बघत होता. माइक चालूच होता. वर दवाखान्याच्या खिडकीत सूनबाई ठकीला घेऊन उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, माझ्या आवाजाची तेवढी खात्री होती.

ते माझ्याभोवती येऊन उभे राहिले. मी मोजलं नाही. चारपेक्षा जास्त होते.

मी पिशवी खाली ठेवली आणि चार बाटल्यांमधला टॉवेल बाजूला केला.